कोहळ्याची आंघोळ

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा सगुणा मागीलदारी न्हाणीच्या चुलीत सोडणं सारत बसली होती. नारळाची सोडणं ओलसर, धूर नाकाडोळ्यांत, आणि मोकळा हात एकच. तिने फोन स्पीकरवर टाकून न्हाणीच्या भिंतीवर ठेवला. त्यामुळे डोंबिवलीच्या सावित्रीबाई जे बोलल्या ते तिने ऐकलं, नवऱ्याने, धोंडूने ऐकलं, आणि गडग्यापलीकडच्या शेजारणीनेही झाडू थांबवून ऐकलं.

"पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य आहे हो," सावित्रीबाई म्हणाल्या. "पण हर्षद सांगत होता, तुमच्याकडे बाथरूमच नाही म्हणे. न्हाणी आहे आणि ती बाहेर."

"बाहेर कसली? घराला लागून हाय."

"पण दार नाही ना तिला? आणि संडास पार टोकाला. पावसात वैष्णवी पोट घेऊन छत्रीतून जाणार का? मी म्हटलं, इकडेच करू सगळं. तुम्हीच या ना पंधरा दिवस पाहुण्या म्हणून."

सगुणा काय बोलणार? न्हाणीला दार नव्हतं, ही गोष्ट खरीच होती, आणि इतक्या वर्षांत त्याची कुणाला आठवणही झाली नव्हती. छातीइतक्या चिऱ्याच्या भिंती, अर्ध्यावर पत्रा, अर्धं आभाळ. बसून आंघोळ करणाऱ्याला आणखी काय लागतं? भिंतीवर पातळ पडलेलं दिसलं की आत बाईमाणूस, टॉवेल दिसला की बाप्या, आणि काहीच दिसलं नाही तरी जाणाऱ्याने खाकरून जायचं. ती नवरी होऊन या घरात आली तेव्हा तर भिंतीसुद्धा नव्हत्या, नुसते माडाचे झाप बांधलेले. तिच्या आईच्या वेळी तेही नव्हते. बायका पऱ्यावर जायच्या, वाहत्या पाण्यात अंगावरच्या लुगड्यानिशी न्हायच्या आणि ओल्याच घरी यायच्या. त्या मानाने सगुणाला आपली न्हाणी म्हणजे मोठी चैनच वाटत होती. आणि आता डोंबिवलीहून कुणी तरी म्हणत होतं, बाथरूमच नाही!

फोन बंद झाला. धोंडू खळ्यातून आत आला आणि तोंड धुतो असं दाखवत उभा राहिला.

"ऐकलात ना? 'पाहुण्या म्हणून या'!" सगुणा उसळली. "माज्याच नातवंडाच्या घरी मी पाहुणी!"

"चांगलं बोलली गो ती. रागान नाय बोलली."

"चांगलं बोलली म्हणूनच लागलं. भांडली असती तर मी पण भांडले असते."

खरं दुखणं वेगळं होतं आणि ते धोंडूला ठाऊक होतं. सगुणाने स्वतःच्या एकाही पोराला न्हाऊ घातलं नव्हतं. वैष्णवी झाली, मागून निलेश झाला, दोघांनाही न्हाऊ घातलं ते तिच्या सासूने, सोनूबाईने. सोनूबाई म्हणजे अख्ख्या वाडीची न्हाऊ घालणारी. न्हाणीतल्या काळ्या धोंडीवर बसायची, पातळ मांड्यांपर्यंत खोचायची, पाय लांब सोडायची आणि पोराला नडगीवर पालथं घालायची. एकदा सगुणाने हात पुढे केला होता. सोनूबाईने तो हात उलटा करून बघितला आणि म्हणाली, "कोयत्याचे घट्टे ह्ये. पोर ओरबाडंल. तू आजी होशील तवा घाल." बाजूला चार बायका बसल्या होत्या, त्या हसल्या. सगुणाही हसली आणि पडवीतल्या खाटेवर जाऊन पडली. तिथून तिला न्हाणीतलं दिसायचं ते इतकंच: सासूची पावलं आणि त्यांच्यावर हलणारं एक इवलंसं डोकं.

सोनूबाईला जाऊन दोन पावसाळे झाले होते. आता आजी व्हायची वेळ आली होती, आणि पोर डोंबिवलीच्या बाथरूममध्ये न्हाणार होतं.

"बाथरूम बांधूया," सगुणा म्हणाली.

"आंब्याच्या दिवसांत? माणूस मिळंल?"

"तुमी हाय ना!"

धोंडू कपाळाला हात लावून बसला, पण नाही म्हणाला नाही.

*

ऐन चैत्रात हातखंब्याच्या त्या टापूत रिकामा माणूस शोधून सापडत नाही. जो तो बागेत. धोंडू दिवसभर एका बागायतदाराकडे आंबे उतरवायची घळ घेऊन झाडावर, आणि उन्हं कलली की घरी येऊन संडासाचा शोषखड्डा खणायला. खड्डा तरी कशात? वर वीतभर माती, खाली कातळ. पहार मारली की ठिणगी उडायची आणि हाताला झिणझिण्या यायच्या. आंब्याचा चीक उतून त्याच्या हातांवर काळे डाग पडले होते, त्यांत घाम गेला की तो आईगं करायचा. सगुणा घमेली भरून वर ओढायची. दोघं बोलत नसत. बोलायला दम उरत नव्हता.

बाथरूम कुठे बांधायची यावर फार चर्चा झाली नाही. पडवीला लागून सपाट जागा एकच होती आणि तिच्यावर न्हाणी उभी होती.

"तोडायला लागंल, वयनी," आत्माराम गवंडी म्हणाला. आत्माराम वाडीतलाच, तोंडात कायम मशेरी, त्यामुळे अर्धं बोलणं नाकातून.

"तोड," सगुणाने सांगितलं.

न्हाणी तुटायला दुपारसुद्धा लागली नाही. चिरे एकीकडे रचले, पत्रा उतरवला, काळाठिक्कर हंडा उचलून पडवीबाहेर नवी चूल मांडली. शेवटी ती धोंड राहिली. चांगली दोन हात लांब, हातभर रुंद, बसायच्या जागी किंचित खोलगट, आणि पुढच्या बाजूला टाचा घासून घासून दोन वाट्या पडलेल्या. आत्माराम पहार घेऊन आला. "फोडून खड्ड्यात टाकू काय? भरीला होईल."

"हात लावशील तर बग!" सगुणा इतक्या जोरात ओरडली की आत्मारामाने पहार खाली ठेवली. मग तीच ओशाळली. "कपडे धुवायला होईल. माडाखाली टाक."

मुंबईहून निलेशचे फोटोवर फोटो यायला लागले. पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, भिंतीत बसणारा नळ. "आये, सगळं एकातच कर. तिला उठल्यावर बाहेर जायला नको," त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आत्मारामाने चौरस आखायला सुतळी काढली. "चार बाय सहा. समद्यांकडं आता हेच चाललंय." माप बरोबर आहे की नाही हे बघायला धोंडूला मध्ये उभं केलं. त्याने डोक्यावर तांब्या ओतायची नक्कल केली, कोपरं पसरली, पाठ चोळल्यासारखं केलं, गोल फिरला. कुठे काही लागलं नाही. सगुणाही सुतळीच्या आत जाऊन उभी राहिली. तिलाही ऐसपैस वाटलं. "झकास!" धोंडू म्हणाला. आयुष्यभर जी माणसं बसून न्हाली त्यांनी बाथरूमचं माप उभं राहून घेतलं, आणि त्यात काही चुकलं असं एकाच्याही मनात आलं नाही.

बाथरूम झाली तशी बघायला वाडी लोटली. कमोडचं झाकण उघडून पाहा, बटण दाबून पाहा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते वाकून पाहा. शेजारीण चपला बाहेर काढून देवळात शिरावं तशी आत गेली आणि टाइल्सवर हात फिरवून म्हणाली, "ह्यात न्हायचं की जेवायचं गो?" एका म्हातारीने विचारलं, "आणि चूल कुठंय?" चूल बाहेर, पाणी बादलीतून आत न्यायचं, असं सांगितल्यावर तिने मान हलवली. "मंग माणूस आत आणि ऊब भायेर. बरं बाई." धोंडू पहिल्यांदा आत गेला, कडी लावली, आणि तरी सवयीने तीनदा खाकरला. बाहेर सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

वैष्णवी सातव्या महिन्यात आली. तिने फोन फिरवून फिरवून सासूला सगळं दाखवलं. "अगंबाई, आमच्यापेक्षा छान झालंय!" सावित्रीबाई म्हणाल्या. सगुणा मागे उभी होती. तिने नुसतं "असंच आपलं" म्हटलं, पण त्या दिवशी तिने पेजेत हात जरा सैल सोडून तूप घातलं.

*

पाऊस लागला, भाताचं आवण काढून लावायचे दिवस आले. वैष्णवीला नववा चालू होता. एक दिवस दुपारी ती झोपली असताना सगुणाची नजर पडवीच्या वाशाकडे गेली. गेल्या सालचा एक कोहळा शिंक्यात टांगलेला होता. पांढरी भुकटी अंगावर, चांगला गुबगुबीत. तिने तो उतरवला, हातांवर तोलला. ताज्या पोराएवढं वजन असेल नसेल. आपल्याला काही येत नाही, ही भीती तिला रोज खात होती. सासूचं बघितलं होतं, पण खाटेवरून आणि अर्धंच. आता शिकवणार कोण? चार बायकांना विचारायला जावं तर हसतील. तिने इकडेतिकडे बघितलं, कोहळ्याला तेल लावलं, तांब्याभर पाणी घेतलं आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.

पाट ठेवला, पाठ कमोडकडे केली, पातळ खोचलं आणि पाय सोडले. पाय सुटेनात. पावलं दाराला लागली आणि गुडघे वर राहिले. तिने पाट मागे सरकवला तर पाठीला कमोड रुतला. आडवी बसून बघितलं तर पावलं भिंतीला. तिरकी बसली तर नळ डोक्याला. शेवटी तशीच, गुडघे वर करून, तिने कोहळा नडगीवर ठेवला. नडगीला उतार पावलांकडे. कोहळा घसरला, तेलकट होता म्हणून हातातून निसटला, टाइलवर धप्पकन आपटला आणि घरंगळत कमोडच्या बुडाशी जाऊन थांबला.

सगुणा त्याच्याकडे बघत राहिली. फुटला नव्हता.

दारावर थाप पडली. "काय आपटलं गो?" धोंडू.

तिने कडी काढली. धोंडूने आधी तिला बघितलं, मग तेल लावलेला कोहळा बघितला. त्याला हसू फुटलं. ते पुरतं फुटायच्या आत त्याला तिचा चेहरा दिसला.

"पाय मावत नाय," ती म्हणाली. "अवो, पाय मावत नाय माजे ह्यात! मीच म्हटलं न्हाणी तोडा. मीच हौसन तोडली. एवढी वर्षं वाट बघितली आणि जागा मीच मोडून ठेवली!" ती रडायला लागली, आणि वैष्णवी जागी होईल म्हणून तोंडात पदर धरला.

धोंडू उंबऱ्यावर उकिडवा बसला. त्याने तिच्या पायांकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पडवीच्या जमिनीकडे बघितलं. मग कोहळा उचलून तिच्या मांडीवर दिला. "रडू नको. बगूया काय ते," एवढंच म्हणाला आणि लावणीला निघून गेला. सगुणाला वाटलं, पुरुषमाणूस, ह्याला काय कळणार.

*

रत्नागिरीच्या दवाखान्यात वैष्णवीला मुलगी झाली. नाळ पडेपर्यंत पोरीला ओल्या फडक्याने नुसतं पुसा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सगुणा पुसत होती आणि पुसताना दर वेळी पोरीचं वजन हातांवर तोलून बघत होती. बारशाच्या आदल्या दिवशी नाळ पडून जागा कोरडी झाली होती. उद्या पहिली आंघोळ. त्याच दुपारी सावित्रीबाई गाडीतून उतरल्या, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात गुलाबी प्लास्टिकचा टब.

"हे बघा काय आणलंय! आत पाठ टेकायला उतार आहे. बाथरूममध्ये बरोबर बसेल." त्यांनी आत नेऊन ठेवलासुद्धा. बसला. जसा काही तेवढ्यासाठीच केला होता.

"आमच्यात पायावर घालतात," सगुणा हळू म्हणाली.

"हो हो, पूर्वी घालायचे. पण आता कशाला त्रास? आणि..." सावित्रीबाईंची नजर क्षणभर सगुणाच्या हातांवर गेली. लावणीचे दिवस, बोटांची टोकं चिखलाने कुजलेली, तळव्यांवर घट्टे. त्यांनी नजर काढून घेतली, पण सगुणाला जे दिसायचं ते दिसलं. तोच हात, तीच नजर, फक्त बघणारी दुसरी.

या खेपेला मात्र ती हसली नाही.

"विहीणबाई, राग मानू नका," ती म्हणाली. "माज्या पोरांना मना न्हाऊ घालायला नाय मिळालं. सासूनं घातलं. मी खाटेवरून बगत होते. म्हणून ही बाथरूम बांधली. तुमाला दाखवायला नाय, पोर हडे घरी यावी म्हणून बांधली. हिला मीच घालणार."

खाटेवरून वैष्णवी म्हणाली, "घाल ना आये. पण कुठे घालणार?"

बाहेर पाऊस कोसळत होता. सगुणा उठून आत चुलीपाशी जाऊन बसली.

तेवढ्यात पडवीत ठक् ठक् सुरू झालं. सगळ्या धावल्या. धोंडू छन्नी हातोडा घेऊन बाथरूमच्या दारात बसला होता आणि नवाकोरा उंबरा फोडत होता.

"अहो, हे काय करताय?" सावित्रीबाई किंचाळल्या. "नवीन बाथरूम फोडताय?"

"वायच दुरुस्ती," धोंडू म्हणाला. त्याने मान वर केली नाही. उंबरा जमिनीसपाट केला. मग पडवीच्या जमिनीत, दारापासून कडेपर्यंत, चार बोटं रुंद पन्हळ खोदली आणि ती बाहेर न्हाणीच्या जुन्या अळवाकडे नेऊन सोडली. मग पहार खांद्यावर टाकून तो पावसात गेला. बऱ्याच वेळाने, नखशिखांत भिजलेला, ती काळी धोंड पहारेने इंच इंच लोटत परत आला. आत्माराम मागून जोर लावत होता. धोंड दाराबाहेर, उंबऱ्याच्या जागेला भिडवून बसवली, टाचांच्या वाट्या पुढे.

"आता बस," धोंडू धापा टाकत बायकोला म्हणाला. "दार उघडं. कंबर आत, पाय भायेर."

"दार उघडं टाकून न्हायचं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"कवापासून तसंच न्हातोय आमी," धोंडू म्हणाला आणि कपडे बदलायला गेला.

*

सकाळी हंड्यातलं पाणी बादलीत उतरवलं. सगुणाने रात्री हातांना खोबरेल चोळून फडकी बांधली होती, ती सोडली. बाथरूमच्या दारात पाट मांडून ती बसली, पातळ खोचलं आणि पाय सोडले. पाय सुटले. टाचा आपोआप त्या वाट्यांत गेल्या. थोड्या सैल बसल्या, सासूची पावलं मोठी होती.

"दे," ती म्हणाली.

वैष्णवीने पोरीला आधी मांडीवर दिलं. सगुणाने तिला तेल लावलं, मसुराचं पीठ लावलं, मग नडगीवर पालथी घातली. पोर एकदा किंचाळली. ओरबाडलं? सगुणाने हात उचलला, बघितलं. काही नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं की जोर बोटांत ठेवायचाच नाही, तळवा नुसता ठेवायचा आणि पाण्याने काम करू द्यायचं. खाटेवरून सासूचे हात कधी दिसलेच नव्हते. तिने कोपराने पाणी बघितलं आणि पाठीवर सोडलं. पोर गप्प झाली. मूठ उघडली, मिटली, गाल नडगीवर टेकला. आणि मग तिने आजीच्या पायांवर खुशाल शू केली.

"झाली गं झाली, आजीची पूजा झाली!" सगुणा हसत होती आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. पाणी पायांखालून पन्हळीत गेलं आणि पन्हळीतून अळवात.

सावित्रीबाई टॉवेल धरून खांबाला टेकून उभ्या होत्या. पोरीला टॉवेलमध्ये घेताना त्या पहिल्यांदा बोलल्या. "हर्षदला बाई लावली होती न्हाऊ घालायला. मी ऑफिसला जायचे. मी पण कधी घातलं नाही हो." मग धोंडीकडे बघत, "उद्या मी बसून बघू? पाय असेच सोडायचे ना?"

सगुणाने त्यांच्याकडे बघितलं. द्यावं की देऊ नये, असं क्षणभर तिच्या मनात आलंच. मग ती उठली, ओल्या पायांनी पडवीत गेली आणि वाशाखालच्या शिंक्यात हात घातला.

"बसा की," ती म्हणाली, आणि कोहळा विहीणबाईंच्या हातांत दिला. "पण आदी ह्याला घाला. दोनचार दिस. मी पण ह्यालाच घातली होती, आणि पयल्याच दिवशी पाडला."